कागदाचा ताण, रुळांचा स्पर्श आणि छापील पाठ

'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला, त्याच्या मुळाशी नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाची आख्यायिका आहे. आनंदीबाईंनी आज्ञापत्रातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' केले, अशी ती कथा. तिची ऐतिहासिक सत्यता हा येथे विचाराचा विषय नव्हे. परंतु पाठचिकित्सेचे एक मूलभूत गृहीतक तिच्यात सामावलेले आहे. अक्षर बदलले की ते बदलणारा हात असतो, आणि त्या हातामागे हेतू, अज्ञान किंवा अनवधान यांपैकी काहीतरी असते, हे ते गृहीतक होय. हस्तलिखितांच्या बाबतीत ते बव्हंशी खरे ठरते. छापील मजकुराच्या बाबतीत, विशेषतः रिळावरच्या अखंड कागदावर अतिवेगाने छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्राच्या बाबतीत, ते पुरे पडत नाही. तेथे कित्येकदा असे अक्षर बदललेले आढळते की ज्याच्यामागे कोणाचाही हात नसतो. कागद क्षणभर ढिला पडलेला असतो, किंवा शाईचा रूळ एका टोकाला केसभर उचललेला असतो.

भारतीय पाठचिकित्सेची परंपरा हस्तलिखितांच्या आधारे वाढली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आणि वि. सी. सुकथनकर यांनी १९३३ मध्ये तिला जोडलेली प्रस्तावना यांनी या शास्त्राला जी शिस्त लावली, ती लेखनिकांच्या प्रमादांची शिस्त होती. मराठीत अ. का. प्रियोळकरांनी मुक्तेश्वरांच्या आदिपर्वाचे संपादन केले, आणि त्याच प्रियोळकरांनी १९५८ मध्ये भारतातील मुद्रणाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. पाठ आणि मुद्रण या दोन्ही विषयांवर असा अधिकार असलेला विद्वान लाभूनही या दोन विषयांची सांगड मराठी अभ्यासात पुढे फारशी पडली नाही. मुद्रणाचा इतिहास म्हणजे मुद्रकांची चरित्रे, खिळ्यांचे साचे आणि पहिल्या ग्रंथांच्या तारखा, अशीच समजूत राहिली. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनची छपाई पाहून मुंबईत स्वतःचे शिळाछाप यंत्र उभे केले, ही हकीकत गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथामुळे सर्वांच्या परिचयाची आहे. कागद आणि शाई लावलेला पृष्ठभाग यांचा स्पर्श किती घट्ट असावा, हा प्रश्न त्या शिळेपाशीही होताच. पण तेथे दर कागदागणिक मनुष्याचा हात दाब देत होता आणि डोळा परिणाम पाहत होता. रिळाच्या यंत्रात हात आणि डोळा या दोहोंनाही ती सवड राहिली नाही.

दिल्लीत काम करणाऱ्या अभ्यासकाला या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानीतील अनेक मोठ्या वृत्तपत्रांची कार्यालये आणि यंत्रे बहादूरशहा जफर मार्गावर एकमेकांना लागून होती. पुढे छपाईचा मोठा भाग साहिबाबाद, नोएडा, ग्रेटर नोएडा अशा लगतच्या वसाहतींत गेला. या यंत्रांवर रोज रात्री देवनागरीचा जो प्रचंड मजकूर छापला गेला, तोच आज हिंदीच्या, आणि तुलनेसाठी मराठीच्याही, आधुनिक गद्याचा एक मुख्य दस्तऐवज आहे. यंत्रनिर्मितीचा विचार केला तरी दिल्लीलगतचा फरिदाबाद परिसर आणि महाराष्ट्रातील कोल्हापूर ही ठिकाणे वृत्तपत्री छपाईची यंत्रे बनविण्याबद्दल प्रसिद्धीस आली. तेव्हा दिल्लीची हिंदी आणि महाराष्ट्रातील मराठी वृत्तपत्रे लिपीने जशी एकमेकांजवळची आहेत, तशीच ती यंत्रांच्या गुणदोषांनीही आहेत.

प्रथम कागदाचा विचार करू. सुट्या तावावर छपाई होते तेव्हा प्रत्येक ताव स्वतंत्र असतो. एक बिघडला तर तो बाजूला काढता येतो. रिळाच्या यंत्रात कागद हा एकच लांब पट्टा असतो. दर चौरस मीटरला ४५ ग्रॅम वजनाचा वृत्तपत्री कागद ७० सेंटिमीटर रुंदीच्या रिळावर ५०० किलो गुंडाळलेला असेल, तर त्याची लांबी सुमारे १६ किलोमीटर भरते. ५४६ मिलिमीटर परिघाचा सिलिंडर तासाला ३०,००० फेरे घेत असेल, तर हा पट्टा सेकंदाला साडेचार मीटर वेगाने धावतो आणि एवढे रीळ तासाभरात संपते. या संपूर्ण प्रवासात पट्टा ताठ राहावा लागतो. तो ढिला पडला तर वळ्या पडतात, बाजूला सरकतो, छापाच्या जागी फडफडतो. फार ताणला गेला तर लांबतो किंवा तुटतो. साधारणपणे दर सेंटिमीटर रुंदीला दोनशे ते तीनशे ग्रॅम एवढा ताण वृत्तपत्री कागदाला दिला जातो. चांगला कागद तुटण्यास लागणाऱ्या बळाच्या मानाने हा ताण दशांशाच्या आसपास असतो. तरीही कागद तुटतो, याचे कारण एकंदर ताण नव्हे. कडेला पडलेली बारीक चीर, लगद्यातील न शिजलेली काडी, एखादे छिद्र, अशा दुबळ्या जागी तो ताण एकवटतो.

ताण ठेवायचा कसा, याचे उत्तर वरवर सोपे आहे: छापणारे सिलिंडर कागद ओढतात आणि रिळाला गतिरोध लावून मागे धरून ठेवायचे. जुन्या यंत्रांत रिळावर चामड्याचा किंवा कापडी पट्टा टाकून त्याला वजन लोंबकळत ठेवीत. पण येथेच या विषयातील खरी मेख आहे. गतिरोध रिळाच्या आसावर एकसारखा राहिला, तरी कागदावरील ताण एकसारखा राहत नाही. कारण तो रिळाच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. विहिरीच्या रहाटाचा अनुभव असणाऱ्यास हे सहज समजेल. रहाटाचे चाक मोठे असेल तर तेच पोहऱ्याचे ओझे अधिक जोर लावते, लहान असेल तर कमी. येथे तेच नाते उलट दिशेने काम करते. रीळ भरलेले असताना त्याचा व्यास १०० सेंटिमीटर असला आणि संपत आल्यावर तो २० सेंटिमीटर राहिला, तर त्याच गतिरोधाने कागदावरील ताण पाचपट होतो. म्हणून रिळाजवळचा कामगार गतिरोध हळूहळू सैल करीत राहत असे. तो चहाला गेला, डुलकी लागली किंवा दुसऱ्या रिळाच्या तयारीत गुंतला, तर त्या वेळेतील प्रतींवर त्याची नोंद उमटे. ही नोंद कुठल्याही हजेरीपटापेक्षा प्रामाणिक म्हणावी लागेल.

हे काम यंत्रावर सोपविण्यासाठी डोलत्या रुळाची योजना झाली. छापखान्यात त्याला 'डान्सर' म्हणतात. कागद या रुळाभोवती वळसा घेऊन पुढे जातो; रूळ स्प्रिंगने किंवा हवेच्या दाबाने एका बाजूस ओढलेला असतो. ताण वाढला की कागद रुळाला एका दिशेला खेचतो, घटला की रूळ दुसऱ्या दिशेला जातो, आणि त्याच्या या हालचालीनुसार गतिरोध आपोआप सैल किंवा घट्ट होतो. पुढच्या काळात रुळाच्या टेकूखाली ताण मोजणारी विद्युत् साधने आली आणि गतिरोधाचे नियंत्रण गणकयंत्राकडे गेले. तत्त्व मात्र तेच राहिले.

ताणाचा आणि स्पर्शाचा संबंध येथेच जुळतो. कागद ज्या रुळावरून वळतो, त्या रुळावर पडणारा त्याचा दाब हा ताण आणि रुळाची त्रिज्या यांच्या प्रमाणात ठरतो: ताण अधिक आणि रूळ बारीक, तर दाब अधिक. वेग वाढला की कागदाबरोबर हवेचा पातळ थर रुळावर ओढला जातो. ताण अपुरा असेल तर कागद या थरावर तरंगतो, रुळाला धरून राहत नाही आणि आडवा सरकू लागतो. शिवाय धावता कागद प्रत्येक रुळाला काटकोनात भेटण्याचा प्रयत्न करतो. रूळ किंचित तिरका बसला असेल, तर कागद त्या दिशेस वळतो आणि तिरप्या वळ्या पडतात. अशी वळी पडून छापलेल्या पानावर, घडी उलगडली की, मधोमध पांढरी भेग दिसते आणि अक्षराचे दोन तुकडे दोन काठांवर राहतात. जुन्या फाइली चाळणाऱ्यांनी अशी पाने पाहिलेली असतातच. ती फाटलेली नसतात, तशीच छापली गेलेली असतात.

विजेचा प्रवाह अचानक थांबला तर काय होते, हेही या संदर्भात पाहण्याजोगे आहे. २५ जून १९७५ च्या रात्री बहादूरशहा जफर मार्गावरील वृत्तपत्रांचा वीजपुरवठा तोडण्यात आला. नवी दिल्ली नगरपालिकेची वीज वापरणारी 'हिंदुस्थान टाइम्स' व 'स्टेट्समन' ही पत्रे मात्र दुसऱ्या दिवशी निघू शकली. त्या रात्रीचे महत्त्व राजकीय इतिहासात आहे आणि अनुपस्थित अंकांची दखल प्रत्येक इतिहासकाराने घेतली आहे. परंतु वीज जाणे ही उत्तर भारतातील छापखान्यांना अपरिचित गोष्ट नव्हती. वीज गेली की सिलिंडर घर्षणाने थांबू लागतात, पण पाचशे किलोचे रीळ आपल्या गतीने फिरत राहू पाहते. गतिरोधाने त्याला वेळीच धरले नाही, तर सुटा कागद रुळांमध्ये साचतो. जोराने धरले, तर कागद तुटतो. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर काही शेकडा प्रती फिक्या, पाणचट किंवा डागाळ निघतात. त्या बाजूला काढायच्या असतात. पण रात्र सरत आलेली असते, रेल्वेची वेळ ठरलेली असते, आणि त्यांतल्या काही गठ्ठ्यांत जातात. न निघालेला अंक सर्वांना दिसतो. अर्धवट छापलेला शब्द कोणाला दिसत नाही.

हवामान हा या सर्व व्यवहारातील अदृश्य भागीदार होय. कागद हवेतील ओल शोषतो आणि सोडतो. दिल्लीच्या मे महिन्यातील लूमध्ये रिळाच्या उघड्या कडा कोरड्या पडून आकसतात; कडा ताठ आणि मध्य सैल, अशी अवस्था होते. श्रावणात याच्या नेमके उलट घडते: कडा फुगून लहरतात आणि पानाच्या बाहेरच्या स्तंभांजवळ कागद ढिला धावतो. एकाच यंत्रावर, एकाच कामगाराने, सारख्याच काळजीने छापलेल्या दोन अंकांत ऋतुमानाने फरक पडतो. कागदाच्या जातीनेही पडतो. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालेली नेपानगरची गिरणी पुढे सुमारे पाव शतक देशातील वृत्तपत्री कागदाची एकमेव गिरणी होती, आणि तिचा लगदा सालई व बांबू यांचा होता. सालईसारख्या रुंदपर्णी झाडांचे तंतू आखूड असतात. थंड देशांतील सूचिपर्णी लाकडाच्या लांब तंतूंइतकी पकड त्यांत नसते. आयात कागद आणि देशी कागद आलटूनपालटून वापरणाऱ्या मुद्रकाला प्रत्येक रिळाबरोबर ताणाचा हिशेब नव्याने मांडावा लागे.

आता रुळांच्या स्पर्शाकडे वळावे. खिळ्यांच्या किंवा ओतीव पत्र्यांच्या छपाईत उंच अक्षरावर शाई लागते आणि कागद त्यावर दाबला जातो. ऑफसेट पद्धतीत, जी भारतीय वृत्तपत्रांत १९७० नंतरच्या दोन दशकांत रुळली, सपाट पत्र्यावरील मजकूर आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरतो आणि तेथून कागदावर. वृत्तपत्राच्या यंत्रात बहुधा दोन ब्लँकेट समोरासमोर असतात. कागद त्यांच्यामधून जातो आणि दोन्ही बाजू एकदम छापल्या जातात. हा दाब फार नाजूक असतो: ब्लँकेट मिलिमीटरच्या दशांशाएवढेच दबावे, असा दंडक आहे. पत्र्याला शाई देणारे रबरी रूळ त्याहूनही हळुवार टेकलेले असावे लागतात. तो स्पर्श तपासण्याची रीत अशी: यंत्र थांबवून शाई लागलेला रूळ पत्र्यावर टेकवायचा आणि उचलायचा. पत्र्यावर शाईची अरुंद पट्टी उमटते. ती दोन्ही टोकांना सारख्या रुंदीची असेल तर रूळ सरळ बसला आहे. एका टोकाला निमुळती असेल तर त्या बाजूची छपाई फिकी येणार. दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये बारीक असेल तर रुळाचे रबर टोकांना फुगले आहे. याहून जुनी रीत म्हणजे रूळ आणि पत्रा यांच्यात कागदाची चिरफळी घालून ती ओढून पाहणे. दोन्ही टोकांना हाताला सारखाच अटकाव जाणवला पाहिजे. यंत्र तापले की रबर प्रसरण पावते, म्हणून संध्याकाळी थंड यंत्रावर केलेली जुळणी मध्यरात्री तशीच राहील याची खात्री नसते.

या सर्वांचा देवनागरीवर होणारा परिणाम रोमन लिपीवर होणाऱ्या परिणामाहून निराळा आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला प्रयोजन आहे ते याच्याशी. मोठ्या आकाराच्या वृत्तपत्रात स्तंभांची उभी दिशा हीच कागदाच्या धावण्याची दिशा असते. ताण कमी होऊन कागद छापाच्या जागी किंचित घसरला, तर शाई त्याच दिशेने पुसटते. परिणामी अक्षरांचे उभे दंड थोडे लांबतात, एवढेच. पण आडवी शिरोरेषा जाड होते. तिच्यावर बसलेला अनुस्वार खाली ओघळून तिला चिकटतो आणि ठिपका म्हणून ओळखूच येत नाही. अर्ध्या आकाराच्या वृत्तपत्रात पान आडवे छापले जाते; तेथे घसर दंडांच्या बाजूने पसरते आणि अनुस्वार बहुधा वाचतो. रोमन लिपीत 'आय' या अक्षराचा ठिपका गेला तरी शब्द ओळखता येतो. देवनागरीत मात्र वर सुटा बसलेला ठिपका हे कित्येकदा वचन, लिंग आणि आदर यांचे एकमेव चिन्ह असते. हिंदीत 'है' आणि 'हैं' यांच्यात एका ठिपक्याचे अंतर आहे. मराठीत 'त्याचे मत' आणि 'त्यांचे मत' यांच्यातही तेवढेच. ठिपका उडाला की अनेकांचे मत एकाचे होते, किंवा आदरणीय व्यक्तीचा एकेरी उल्लेख होतो. आणि पन्नास वर्षांनी एखादा संशोधक त्यावरून संपादकाच्या वृत्तीविषयी अनुमान काढतो.

अनुस्वार जसा जातो तसा येतोही. वृत्तपत्री कागदाची भुकटी ब्लँकेटवर साचते. तिचा एखादा कण शाई धरतो आणि शिरोरेषेच्या वर नेमका नको तेथे टिकला, तर शेकडो प्रतींत 'त्याचे'चे 'त्यांचे' होते. उलट, पत्र्यावरील अनुस्वार हा सर्वांत लहान अंश असल्यामुळे, शाईचे रूळ गरजेपेक्षा घट्ट बसवले असतील तर त्यांच्या घर्षणाने तोच आधी झिजतो. अंकाच्या पहिल्या हजार प्रतींत असलेला ठिपका शेवटच्या हजार प्रतींत नाही, असे त्यामुळे घडू शकते.

मराठीपुरता हा प्रश्न एका विशिष्ट कालखंडात फार महत्त्वाचा ठरतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. 'तें', 'केलें', 'घरें' ही रूपे हळूहळू 'ते', 'केले', 'घरे' अशी छापली जाऊ लागली. हे परिवर्तन एका दिवसात घडले नाही. काही पत्रांनी ते लवकर स्वीकारले, काहींनी चालढकल केली, काही अंकांत दोन्ही रूपे शेजारी नांदली. आता या संक्रमणाचा अभ्यास करणाऱ्याने एखाद्या पत्राच्या १९६० ते १९६५ च्या फाइली घेऊन अनुस्वार मोजायला सुरुवात केली, तर तो नेमके काय मोजील? पानाच्या डाव्या स्तंभात 'केलें' आणि उजव्या स्तंभात 'केले' आढळले, तर जुना आणि नवा असे दोन जुळारी कामावर होते, असे मानण्याचा मोह पडेल. ते खरेही असू शकेल. पण उजव्या बाजूचे सर्वच बारीक अवयव, वेलांट्यांची टोके, रफार, स्वल्पविराम फिके असतील, तर कारण शुद्धलेखनात नसून दाबात आहे.

कारण ओळखण्याची काही साधने यातूनच मिळतात. जुळाऱ्याची किंवा संपादकाची चूक त्या आवृत्तीच्या सर्व प्रतींत सारखी असते. ताणाची चूक काही प्रतींतच असते. सेकंदाला आठांहून अधिक प्रती निघतात हे ध्यानात घेतले, तर अर्ध्या मिनिटाचा बिघाड अडीचशे प्रतींना शिवतो आणि बाकीच्या हजारो निर्दोष राहतात. रुळाचा दोष पानाच्या एका बाजूला किंवा एका उभ्या पट्ट्यात सलग दिसतो, शब्दांचा अर्थ पाहून तो जागा निवडीत नाही. ब्लँकेटवरील खळगा प्रत्येक प्रतीत त्याच ठिकाणी उमटतो. जुळाऱ्याने गाळलेल्या अनुस्वाराच्या जागी कागद स्वच्छ कोरा असतो. दाबाअभावी गेलेल्या अनुस्वाराच्या जागी भिंगाखाली शाईची पुसट खूण बहुधा सापडते. म्हणजे निर्णय करण्यासाठी मूळ कागद हवा, आणि शक्य तर एकाहून अधिक प्रती हव्यात.

नेमकी हीच गोष्ट दुर्मिळ आहे. दिल्लीत तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात (पूर्वीचे नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालय, २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय) अनेक भारतीय भाषांतील वृत्तपत्रांच्या सूक्ष्मपट प्रती आहेत. त्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्यावाचून कित्येक पत्रांचे वाचनच अशक्य झाले असते. परंतु सूक्ष्मपट एकाच प्रतीचा असतो, ती प्रत रात्रीच्या कोणत्या घटकेला यंत्रातून बाहेर पडली याची नोंद क्वचितच असते, आणि सूक्ष्मपटाचे चित्रण काळे-पांढरे ठळक करणारे असल्यामुळे फिकट ठिपका त्यात नाहीसा होतो, तर कागदावरचा डाग अनुस्वाराइतका काळा होतो. ज्या खुणेवरून मुद्रकाची आणि लेखकाची चूक वेगळी करायची, तीच तेथे पुसली जाते. सूक्ष्मपट झाल्यावर मूळ अंक रद्दीत काढण्याची जगभरच्या ग्रंथालयांतील प्रथा यामुळेच पाठचिकित्सेच्या दृष्टीने घातक म्हणावी लागते. शंकास्पद अनुस्वारावर एखादा सिद्धान्त उभारायचा असेल, तर तेवढ्या अंकापुरती तरी दुसऱ्या ग्रंथालयातील कागदी प्रत पाहणे अपरिहार्य आहे.

आजच्या वृत्तपत्रांबाबत परिस्थिती उलट झाली आहे. संगणकावर जतन होणारी ई-आवृत्ती पत्रा तयार होण्याआधीची असते. तिला ना रूळ शिवलेला असतो, ना कागद. तिच्यात 'त्याचे' असेल, तर ते लिहिणाऱ्याचे किंवा संपादकाचे आहे, हे निश्चित. नोएडाच्या यंत्रावरून पहाटे निघून वाचकाच्या हाती पडलेल्या प्रतीत काय होते, हे मात्र त्या संग्रहावरून कधीच कळणार नाही.